मी पत्ते वाटतो, दडवत नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना आहे, बिघडलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अकोल्यात खुशालरावांच्या केबल ऑफिसात रोज कोणीतरी येतं आणि माझ्याकडे बोट दाखवून शिव्या घालून जातं.

माझं काम समजून घ्या. केबलवरून इंटरनेट घेणाऱ्या प्रत्येक घरात एक मोडेम असतो. तो सुरू झाला की आधी मला विचारतो, माझा पत्ता कोणता? मी त्याला आकड्यांचा एक पत्ता देतो. तो मिळाला तरच तुमचे धडे, चित्रं, बोलणं घरापर्यंत पोचतं. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. मोडेम बराच वेळ बंद राहिला की पत्ता सुटतो आणि तो मी दुसऱ्याला देतो.

मला आणलं तेव्हा खुशालरावांनी हार घातला, नारळ फोडला. पुढे ऑफिसात कूलर आला, तो त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून बसला. अकोल्याचा मे महिना मी धूळ खात काढतो. तरी काम सोडलेलं नाही.

मग शहराबाहेर बंगल्यांची कॉलनी उठू लागली. खुशालरावांनी माझ्यातले निम्मे पत्ते तिच्यासाठी राखून ठेवायला लावले. बंगल्यांना अजून खिडक्याही बसल्या नव्हत्या! इकडे फूलवाल्यांच्या गल्लीत जोडण्या वाढल्या आणि पत्ते पुरेनात. गल्लीने आपला उपाय काढला. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसा मोडेम रात्रंदिवस चालू ठेवायचा. बंद केला की जागा गेली.

त्याच गल्लीतल्या सहदेव आणि जयवंता या नवरा-बायकोने जोडणी नवीनच घेतली होती. त्यांना ही रीत माहीत नव्हती. एके दिवशी दुपारी त्यांच्या मुलीची, रागिणीची, व्हिडिओवर नोकरीची मुलाखत होती, आणि त्या गल्लीत मोबाइल रेंज धरत नाही. मोडेम तापू नये म्हणून सहदेवने आदल्या संध्याकाळीच तो बंद केला. विहिरीवरच्या मोटरला विसावा देतात तसा. सकाळी मोडेम पत्ता मागत राहिला. माझ्याकडे मोकळे पत्ते होते, पण ते बंगल्यांच्या नावाने कुलपात होते.

जयवंता फुलांची टोपली घेऊन तशीच ऑफिसात आली. खुशालरावांनी नेहमीसारखं माझ्याकडे बोट केलं.

"मावशी, हा डब्बा म्हातारा झाला. नवा आणून राहिलो."

"म्हातारे तं तुमी बी झाले. तुमाले बदलून टाकाव का?"

काउंटरवरचे लोक हसले. माझं काम पाहणारी दीपमाला मात्र हसली नाही. तिने हे पत्ते सोडा म्हणून मालकाला दोनदा सांगून पाहिलं होतं. आता ती सगळ्यांसमोर बोलली.

"मशीन चांगली हाये, मावशी. पत्ते बंगलेवाल्याईसाठी दाबून ठेवले हायेत."

खुशालराव तापले. उद्या बंगलेवाले आले तर त्यांना काय देऊ, म्हणाले. जयवंताने टोपली त्यांच्या टेबलावरच ठेवली.

"ते येतीन तवा पाहू. माही पोरगी आज हाये."

मालकाच्या हो-नाहीची वाट न पाहता दीपमालाने माझ्यातली राखून ठेवलेली पत्त्यांची रांग मोकळी केली आणि मला पुन्हा सुरू केलं. रागिणीच्या मोडेमने पुन्हा विचारलं. मी त्याच क्षणी पत्ता दिला. पाठोपाठ गल्लीतल्या बाकीच्यांनाही दिला.

मुलाखत झाली. नोकरी मिळाली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. तिला दारातच अडवलं गेलं नाही, एवढं मी ठामपणे सांगतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, कूलरचा थोडा वारा माझ्याकडेही वळवा. तुमच्या घरातल्या यंत्रांनाही जपा. पण मला जपणं म्हणजे फक्त फडकं मारणं नव्हे. माणसाने केलेला अन्याय माझ्या माथी मारू नका. मला भंगारात टाकायचं तर खुशाल टाका. माझ्या जागी नवं, चकचकीत यंत्र बसवा. त्यालाही गल्लीचे पत्ते दाबून ठेवायला सांगाल, तर तेही जयवंताच्या पोरीला नाहीच म्हणेल.