रांगेकडं तोंड

"आधी माझ्यासमोर उभी राहा, मग माग," चेअरमन गवंडिणीला म्हणाला. "पद्धत आहे ती."

संध्याकाळची वेळ. डेअरीत दूध घालायला किटल्या घेऊन रांग लागलेली. आजारपणाच्या निधीतून मदत हवी, तर सगळ्या रांगेदेखत चेअरमनच्या खुर्चीपुढं मान घालून उभं राहायचं, घरचं दुखणं सांगायचं आणि हात जोडायचे. निधी तरी कसला? ज्याच्या त्याच्या दुधाच्या पैशातून कापलेला. पण हा बाबा असा द्यायचा, जणू स्वतःच्या खिशातून देतोय. लाजेपायी माणसं मागायलाच येत नसत आणि निधी आपला फुगत चालला होता.

गवंडिणीचा नवरा मागच्या महिन्यात भिंत बांधता बांधता छाती धरून खाली बसला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, एकही दिवस चुकवू नका म्हणून बजावलं. पण हा शहाणा, बायकोला खर्च नको म्हणून, बरं वाटेल त्या दिवशी गोळी खायचाच नाही. आज सकाळी पुन्हा घामाघूम होऊन दाराशी बसला, तेव्हा तिला कळलं. तिला रडू आलं नाही, संताप आला.

"राहते की उभी," ती म्हणाली. किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि चेअरमनकडं पाठ करून रांगेकडं तोंड केलं.

"अगं बाई, मी इकडं बसलोय!"

"बसा की! पैसे ज्यांचे, त्यांच्याकडं मागते." मग रांगेला म्हणाली, "आमच्या ह्यांना हार्टच्या गोळ्या लागतात, जन्मभर. मला एकटीला झेपत नाही. आपल्या निधीतून द्यायच्या का नाही, बोला."

तिची मान ताठ होती.

रांगेतली लोहाराची म्हातारी खेकसली, "विचारतेस काय? द्या रे तिला!"

"द्या की!" मागून कुणीतरी ओरडलं. "नाहीतर आमचं कापायचं बंद करा!"

मग सगळी रांगच बोलायला लागली. चेअरमननं घसा खाकरला आणि मेडिकलवाल्याला फोन लावला. दर महिन्याच्या गोळ्या निधीच्या खात्यावर द्यायच्या, असं ठरलं.

"आता हात तरी जोड," तो पुटपुटला.

गवंडिणीनं जोडले. रांगेला.

तेवढ्यात शिंप्याची सून पुढं आली. सासूच्या दम्याच्या औषधाचं बोलणं कधीचं तिच्या ओठांवर येऊन परत जात होतं. चेअरमन खुर्चीत सावरून बसला.

"हं, बोल."

तिनं त्याच्याकडं पाठ केली.