उजवीकडच्यानं मागायचं

आमच्या घरी दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, विनंत्या सांगायच्या असतात. एक गीत होतं, शास्त्रवाचन होतं आणि मग प्रत्येकानं आठवड्याची एक विनंती सांगायची. तिच्यासाठी रोज सकाळी मोठ्यानं प्रार्थना करायची, पण सांगणाऱ्यानं नाही. त्याच्या उजवीकडे जो बसला असेल त्यानं. स्वतःसाठी मागणं पोरांना आपोआप येतं, दुसऱ्यासाठी मागायची सवय लावावी लागते, म्हणून हा नियम मी केला. होय, मीच केला. दुसऱ्या कुणी केला असता तर त्याच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती.

त्या सोमवारी सात वर्षांच्या योनाला सायकलचं वाकडं झालेलं चाक सरळ करून हवं होतं. त्याच्या बाबांना, म्हणजे शमुवेलना, पाठीचं दुखणं थांबायला हवं होतं. यांचं ढाणकीच्या बाजारात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की तालुक्यातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी यांच्यासमोर येऊन पडतात. मी म्हटलं, माझा राग कमी होऊ दे. ती माझी कायमचीच विनंती आहे आणि माझ्या उजवीकडे हे बसत असल्यामुळे तिच्यासाठी प्रार्थना जरा जास्तच कळकळीनं होते.

राहिली तबिथा. अकरा वर्षांची. ती माझ्या डावीकडे बसते, म्हणजे तिच्या उजवीकडे मी. डोळे मिटून, हात जोडून ती शांतपणे म्हणाली, "मले शाळेत जायचं हाय."

आमची मुलं शाळेत जात नाहीत. मी डी.एड. केलंय, एका खासगी शाळेत शिकवतही होते. तिथं मला पोर्शन संपवायचा असायचा आणि मागच्या बाकांवरची पोरं नुसती बघत बसायची. पुढं लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या, मी तबिथाला घरी शिकवायला बसले आणि असं गोड लागलं की शाळा उघडल्या तरी तिला पाठवलं नाही आणि मीही गेले नाही. मागच्या खोलीत भिंतीवर फळा रंगवला. सकाळी भाषा, गणित, विज्ञान. दुपारी बाबांच्या दुकानात तांब्याची तार मोजून अपूर्णांक. नियम एकच होता. ज्याला आधी समजलं त्यानं दुसऱ्याला समजावून सांगायचं आणि दोघांना समजल्याशिवाय फळा पुसायचा नाही.

गावात याचा कुणालाच उलगडा होत नाही. पोरगी कोणत्या शाळेत, असं कुणी विचारलं आणि घरीच शिकते म्हटलं की लोक हळू आवाजात विचारतात, "काहून, तब्येत ठीक नाही काय तिची?" शेजारच्या जमनाबाईंनी तर एकदा कुंपणावरून विचारलं होतं, "तुमच्या चर्चमंधी शाळा मना हाय काय वो?" मी म्हटलं, उलट चर्चवाल्यांनी जागोजाग शाळा काढल्यात. त्या म्हणाल्या, "मंग तुमचंच काय बिनसलं?"

काहीच बिनसलं नव्हतं. माझी सगळी कमाई ती मागची खोली होती. माझ्या वर्गातल्या दोन पोरांपैकी एकीनं देवासमोर बदली मागितली होती आणि नियमाप्रमाणे ती मंजूर करून घ्यायचं काम माझ्यावर आलं होतं.

मंगळवारी मी प्रार्थना केली. "हे प्रभू, तबिथाच्या शाळेच्या बाबतीत जी तुझी इच्छा असेल ती, तुझ्या योग्य वेळी, आमच्या सगळ्यांच्या हिताचं जे असेल ते..." बरीच लांबवली. शिकवायला लागल्यापासून इतकं घुमवून फिरवून मी कधी बोलले नव्हते.

चहाचे कप विसळताना तबिथा म्हणाली, "आई, तू माह्यासाठी गोल गोल मागून राह्यली. मी योनासाठी अशी नाही मागत. चाक सरळ कर, एवढंच म्हणतो."

"देवाला समजते," मी म्हटलं.

"त्याले तं समजतेच," ती म्हणाली आणि कप पुसायला लागली.

माझं डोकं फिरलं. त्या दिवशी मी तिला दशांशाची अशी गणितं घातली की मलाच उत्तरं तपासून बघावी लागली. तिनं सगळी सोडवली, योनाला त्यातली एक-दोन समजावायचाही प्रयत्न केला. शेवटी मीच विचारलं, "घरी काय कमी पडते तुले?"

"काही नाही."

"मग कायले जायचं?"

"तिथं माह्याएवढ्या पोरी हायेत."

"संडे स्कूलमध्ये आहेत की."

"दोन हायेत. त्यातली एक बोलत नाही."

संडे स्कूलही मीच घेते.

बुधवारी जे व्हायचं ते दुकानात झालं. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक पूनमसिंग राठोड सर शाळेच्या बोअरची मोटार घेऊन आले होते. यांनी मोटार खोलता खोलता घरातली विनंतीही खोलून ठेवली. रात्री जेवताना हे मला मोठ्या आनंदानं सांगायला लागले, "सर म्हणाले, पाठवा पोरीले. दोन-तीन दिवस बसून तं पाहू द्या, मंग ठरवू."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"सर समोर बसले होते. काहीतं बोला लागते ना."

"हवापाण्याचं बोलायचं होतं!"

"करुणा," हे म्हणाले, "मी रोज तुह्या रागासाठी प्रार्थना करून राह्यलो. थोडी मदत तूही कर ना."

पोरं खो खो हसली. हसू मलाही आलं, पण मी ते दाखवलं नाही.

गुरुवारी तबिथा शाळेत गेली. गणवेश नव्हता म्हणून रविवारी उपासनेला घालायचा निळा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. हे तिला गाडीवर सोडून आले. मी योनाला घेऊन मागच्या खोलीत बसले आणि हातच्याची वजाबाकी शिकवली. त्याला पटकन समजली. मग तो इकडं तिकडं बघायला लागला.

"काय झालं रे?"

"आता कोणाले सांगू?"

मला सांग म्हटलं तर म्हणाला, तुला तर येतेच. शेवटी त्याला कुंपणाशी नेलं. जमनाबाई तूर निवडत होत्या. त्यांनी सगळी वजाबाकी ऐकून घेतली आणि शेजारच्या दहाकडून उसने आणायचे कशाला, आपल्याजवळ असेल तेवढंच वजा करावं, असा सल्ला दिला. योना म्हणाला, "आई, हिले नाही समजलं. फळा पुसू नको." फळा दिवसभर तसाच राहिला.

संध्याकाळी तबिथा आली ती बोलतच आली. बाकावर शेजारी मैत्रेयी नावाची मुलगी बसते, तिनं आपल्या डब्यातली भाजी दिली, ती डोळे न मिटता शिंकू शकते, निदान तसं म्हणते. मी विचारलं, "शिकवलं काय?" तबिथा थोडा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, "ध्यान नाही." तिचा चेहरा इतका आनंदात होता की माझ्या पोटात दुखलं. मत्सर हाच त्याला शब्द आहे, दुसरा शोधून सापडला नाही.

शुक्रवारी आणि शनिवारी सकाळीही मी गोल गोलच प्रार्थना केली. शनिवारी सकाळची शाळा होती आणि सहावीची गणिताची घटक चाचणी. सरांनी तबिथालाही बसायला सांगितलं होतं. मी तिला पेन दिला, डोक्यावर हात ठेवला, पण 'पेपर चांगला लिही' म्हणायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणते.

साडेदहाच्या सुमाराला पूनमसिंग सरांचा फोन आला. "ताई, जरा शाळेत येता काय? तुमच्या मुलीचा पेपर काढून घ्यावा लागला. कॉपी दिली तिनं."

कॉपी! माझी पोरगी! राग यायला हवा होता आणि आलाही. पण त्याच्या आधी, अगदी आधी, मला आनंद झाला. संपलं, मला वाटलं. आता ती स्वतःच घरी येईल. पोरीचा पेपर हिसकावून घेतलाय, ती कुठंतरी रडत असेल, आणि मी स्कूटीची चावी शोधताना गुणगुणत होते. ते लक्षात आलं तेव्हा मी उंबऱ्यातच उभी राहिले. मग योनाला जमनाबाईंकडे सोडून निघाले.

तबिथा ऑफिसात सरांच्या टेबलासमोर उभी होती. डोळे लाल, एक वेणी सुटलेली. शेजारी एक बारीकशी मुलगी मान खाली घालून उभी होती, ती मैत्रेयी असणार. टेबलावर दोन पेपर आणि तबिथाची लाल रिबिन.

"भर पेपरात," सर म्हणाले, "हिनं वेणीची रिबिन सोडली, तिच्या घड्या घातल्या आणि बाजूच्या पोरीले मोठ्यानं सांगू लागली. परीक्षेवरच्या बाई पाहतच राह्यल्या. लपवणं नाही, काही नाही."

"मी उत्तर नाही सांगतलं, सर," तबिथा म्हणाली. "तीन भागिले एक चतुर्थांश कसं करायचं ते सांगतलं. ते रडून राह्यली होती. तिले समजलंच नव्हतं."

"पण परीक्षेत आपापलं लिहायचं असते, बेटा."

"मंग जिले समजलं नाही तिचं काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांडायची सगळी तयारी करून आले होते. पण भांडणार कशावर? चूक माझ्या पोरीची होती आणि ती तिला मी शिकवली होती, रोज, मागच्या खोलीत. परीक्षा म्हणजे काय हेच आमच्या घरी कधी आलं नव्हतं. दोन पोरांत कुणाची परीक्षा घेणार?

"सर," मी शेवटी म्हटलं, "आमच्या घरी एकाला समजलं की त्यानं दुसऱ्याला सांगायचं असते. तिला वाटलं, सगळीकडेच असते."

पूनमसिंग सरांनी रिबिन उचलून तिच्या घड्या पाहिल्या. मग मैत्रेयीला म्हणाले, "समजलं काय तुले आता?"

"पावचं समजलं, सर," मैत्रेयी पुटपुटली. "तीन पट्ट्या, एकेकीत चार. बारा. अर्ध्याचं राह्यलं."

सर हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. "हे पाह्य तबिथा, पेपर रद्द. दोघींचाही. नियम म्हणजे नियम. दुसरा पेपर देईन, वेगवेगळ्या बाकांवर. आन् काही समजवायचं असन तं मधल्या सुट्टीत. तेव्हा कोणी काढून नाही घेणार." रिबिन तिच्या हातात देऊन ते म्हणाले, "आता यायचं की नाही ते घरी ठरवा. सक्ती नाही."

स्कूटीवर तबिथा मागं बसली. मी चालवत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. पाहिलंस ना बाळा, असं असतं शाळेत. मदत केली तर शिक्षा. वाक्यं चांगली जुळली होती, खरीही होती. मी आरशात तिच्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "आई, सोमवारी मले डबा लागन."

"कशाला?"

"मधल्या सुट्टीत मैत्रेयीचं अर्ध्याचं करा लागते ना. अर्धवट सोडून कसं चालन?"

"आणि पेपर काढून घेतला त्याचं?"

"वाईट वाटलं," ती म्हणाली. "पण तिथं लय जणायले समजलं नाही, आई. मी पाह्यलं. बाईचा फळा पुसून झाला होता."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाजाराच्या दिशेनं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, धूळ उडत होती. मला रडू येत होतं आणि हेल्मेटमध्ये रडणं फार गैरसोयीचं असतं. मी ते काढून हँडलला अडकवलं, हात जोडले, आणि सोमवारपासून जे आठवडाभर माझ्या तोंडून निघत नव्हतं ते तिथंच मोठ्यानं म्हटलं.

"हे प्रभू, माझ्या पोरीला शाळेत जाऊ दे. मला नको आहे, तुला माहीत आहे. तरी जाऊ दे. सोमवारपासूनच जाऊ दे. येशूच्या नावात मागते."

"आमेन," मागून तबिथा म्हणाली. तिनं माझ्या पाठीवर डोकं टेकलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग हळूच म्हणाली, "आई, आता गाडी चालू कर. लोक पाहून राह्यले."