उपाशी बोट

ऊर्मीनं विकेटकीपिंगचे ग्लोव्हज भिंतीवर फेकले. "दोन बोटं रिकामी लोंबत्यात, आज्जी. बॉल बसला की मागं वळत्यात. उद्या निवडीत असंच झालं तर संपलंच."

राजसबाईनं ग्लोव्हज उचलून फिरवून बघितले. चेन्नईतल्या त्या कोंदट खोलीच्या खालीच तिच्या लेकाची, ऊर्मीच्या बापाची, गिरिधरची सोनं गाळायची भट्टी होती. विट्याकडचं गाव सोडून सारं घर त्या भट्टीमागं आलं होतं. तिथंच सोन्याची पट्टी दाबायच्या मशिनात पोरीच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. तेव्हापासून गिरिधर पोरीच्या हाताकडं बघत नव्हता.

"आण हिकडं हात. माप घिऊ दे."

"अय्यो आज्जी, ही काय चिंध्यांची वाकळ हाय व्हय?"

"वाकळंपरास बारीक काम हाय. तोंड कमी चालीव आन् दोरा ओव."

राजसबाईनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या रिकाम्या बोटांत ठासल्या, तुटक्या बोटांच्या खुंटाला टेकतील इथवर. घामानं दाभण हातातनं निसटत होतं. शेवटचा टाका तेवढा ठेवून तिनं ग्लोव्ह पोरीला घातला. ऊर्मीनं बॉल भिंतीवर मारला, झेलला. बोटं ताठ! पोरगी हसली. मशिनात हात गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

ग्लोव्ह काढून ती पाणी प्यायला वळली, तसा राजसबाईनं करंगळीत जोंधळ्याचा दाणा सोडला आणि टाका घातला. तिच्या माहेरात वाकळ उपाशी मिटत नसत. पोटात दाणा पडल्याबिगर ती ऊब देत नाही म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी ऊर्मी आली ती भिंतीला टेकूनच बसली.

"काय झालं गं?"

"आधी समदे झेल घेतले. मग आत काहीतर टोचाय लागलं. शेवटी सोप्पा झेल सुटला. दुसरीला घेतली."

खुंटाचं कातडं सोलून निघालं होतं. राजसबाईनं टाका उसवला. चिंध्यांतनं सरकत पार खुंटापाशी आलेला दाणा तिच्या तळहातावर पडला. घामानं फुगलेला, लाल.

"म्याच घातला, बाई."

"कशाला?"

"उपाशी नगं म्हून."

ऊर्मीनं दाणा चिमटीत धरून बाजूला ठेवला. खालनं भट्टीचा उग्र वास येत होता. राजसबाईला वाटलं, आता पोरगी ग्लोव्हज खिडकीतनं भिरकावणार.

ऊर्मीनं दाभण उचललं. डाव्या हाताच्या उरल्या बोटांत ग्लोव्ह धरला.

"पुढल्या साली परत निवड हाय. दाखीव कसं शिवायचं ते."

"आदी गाठ मार. आतल्या अंगानं."

"आन् आज्जी, आता उपाशीच ऱ्हाऊ दे."