जुईलीकडे ॲलर्जी, धम्मदीपाकडे गजकर्ण

मी एक जुना नायटा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! फाटकी छत्री आणि मोडकी खुर्ची आपली कर्मकहाणी सांगू लागली की तुमचे डोळे पाणावतात, मग मीच काय घोडं मारलंय? डॉक्टर मला बुरशी म्हणतात. माणसाच्या कातडीचा वरचा मेलेला थर खायचा आणि गोल गोल पसरायचं, एवढाच माझा संसार. माझ्या लांबच्या भावकीतला एकजण तिकडे परदेशात डॉल्फिनच्या अंगावर राहतो, तिकडच्या माणसांच्याही. तो गाठी उठवतो आणि वर्षानुवर्षं हलत नाही. मी आपला साधा, घरगुती.

२००८ सालच्या फेब्रुवारीत मी महाळुंग्याच्या नीलतरंग सोसायटीत राहायला आलो. आशालताबाईंनी हौसेनं पर्शियन मांजर आणलं होतं. त्याच्या कानामागून मी त्यांच्या लेकीच्या, जुईलीच्या, मानेवर उतरलो. तेरा वर्षांची पोरगी, रोज दोन वेळा साबण लावून अंघोळ. तरी आठ दिवसांत मी रुपयाएवढा झालो. आशालताबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ॲलर्जी झालीय गं तुला. पोहायच्या तलावातल्या क्लोरिनची असणार."

ॲलर्जी! काय गोड नाव! माझं बारसं इतक्या थाटात कधी झालं नव्हतं. त्यांनी औषधाच्या दुकानात विचारून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, लाली उतरली, आणि घरातले सगळे म्हणाले, गेली ॲलर्जी. मी कुठला जातोय? त्या मलमात खाज दाबायचं औषध होतं, मला मारायचं नव्हतंच. मी गुपचूप पसरत राहिलो.

सोसायटीच्या तलावावर सौरभ सर पोहायला शिकवत. मुलींच्या तुकडीला त्यांनी 'डॉल्फिन' असं नाव दिलं होतं. भावकीतल्याला खरे डॉल्फिन मिळाले, मला हे! तलावाच्या कडा घासायला गावठाणातून रजनी यायची, आणि तिच्यामागे तिची बारा वर्षांची लेक धम्मदीपा. ही पोर मुळा नदीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेली. एकदा जुईलीचं पैंजण खोल पाण्यात पडलं. कुणाला काही कळायच्या आत धम्मदीपानं सूर मारून ते वर आणलं. सर बघतच राहिले. मे महिन्यात निवडचाचणी होती. निवड झाली की खेळाच्या शाळेत राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. सर दोनच मुली नेणार होते. एक जुईली ठरलेली होती.

"दुसरी ही," सर म्हणाले. रजनीनं त्या दिवशी आनंदाच्या भरात सगळ्या कडा दोनदा घासल्या.

पण पोहायचा पोशाख कुठून आणायचा? आशालताबाई धावून आल्या. "अगं, जुईलीचा जुना आहे ना! टॉवेलही घेऊन जा." मोठ्या मनाची बाई! पोशाख आणि टॉवेल आठवडाभर ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत दडपलेले होते. आणि त्यात कोण बसलं होतं? मीच की! धम्मदीपानं टॉवेल गालाला लावला. "आये, बघ कसला मऊ हाय!"

पंधरा दिवसांत मी तिच्या मानेवर, काखेत, पाठीवर गोल गोल उमटलो. रजनीनं टाकळ्याचा पाला वाटून लावला. त्यानं मी आणखीच लाल दिसू लागलो. एका सकाळी आशालताबाईंनी ते पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकल्या.

"सर, गजकर्ण आहे हिला! नदीत डुंबणारी मुलं ही. आमच्या मुलींना लागलं म्हणजे?"

ऐकलंत? जुईलीच्या मानेवर मी ॲलर्जी आणि हिच्या मानेवर गजकर्ण. दोघी उभ्या होत्या दोन हातांच्या अंतरावर. सरांनी मान खाली घातली. माणूस दुष्ट नव्हता हो, पण पगार सोसायटी देत होती. "बरी झालीस की ये," ते म्हणाले. त्याच दिवशी तलावाचं पाणी उपसून नवं भरलं. मला मनापासून हसू आलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धम्मदीपाला नीट तपासलं. "कुणाचा टॉवेल वापरलास?" त्यांनी विचारलं. औषध दिलं आणि बजावलं, खाज गेली तरी पुढं दोन आठवडे लावायचंच. पोर इमानी निघाली. एक दिवस चुकवला नाही. कपडे उकळत्या पाण्यातून काढले, कडक उन्हात वाळवले. महिन्याभरात तिनं मला अंगावरून पार हुसकून लावलं.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मायलेकी तलावावर आल्या. चाचणीला चार दिवस उरले होते. आशालताबाईंनी चिठ्ठी हातात न घेताच वाचली. "अगबाई, बरं झालं! पण आता दुसऱ्या मुलीचं नाव दिलंय. शिवाय रिस्क कशाला घ्यायची?"

तेवढ्यात जुईली केस वर बांधत आली. तिच्या मानेवर मी होतो, तळहाताएवढा, वरून पावडर थापलेला. धम्मदीपानं बोट दाखवलं.

"हे बघा की! ताईच्या मानंवरबी तेच हाय. तिच्याच टावेलनं मला झालं. डॉक्टरीण म्हनली..."

 सरांनी पाहिलं. आशालताबाईंनीही पाहिलं. मित्रांनो, माझं धाबंच दणाणलं! आता कुणीतरी मला खऱ्या नावानं हाक मारणार, आणि जुईलीकडचाही माझा मुक्काम हलणार.

रजनीनं फाडकन लेकीच्या कानाखाली वाजवली.

"गप बस! लई शानी झालीस? ॲलर्जी हाय ती! व्हय ना, बाई?"

"हो, ॲलर्जीच आहे," आशालताबाई म्हणाल्या.

रजनीला सगळं दिसत होतं. पण बाई रागावल्या असत्या तर तिचं काम गेलं असतं, म्हणून तिनं पोरीला मारलं. मग खराटा उचलला आणि कडा घासायला बसली. 

जुईलीची निवड झाली. मीही तिच्याबरोबर वसतिगृहात आलो आहे. चाळीस मुली, आणि टॉवेल वाळत घालायला एकच दोरी! माझं उत्तम चाललंय.

तेव्हा मित्रांनो, हात जोडून विनंती आहे. मलाही जीव आहे, मला जपा. ओले कपडे पिशवीत दडपून ठेवा. एकमेकांचे टॉवेल वापरा. खाज थांबली की औषध फेकून द्या. आणि मोठ्यांच्या घरी मला माझ्या नावानं कधी हाक मारू नका. धम्मदीपाच्या अंगावर आता माझा एकही डाग नाही. गालावर चार बोटं उठली होती, ती काही मी उठवलेली नव्हती.