कोमलच्या नावचं रगत

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी नांदेडच्या विद्यापीठातल्या संगणकाने कळवलं, की कुरुंद्याची कोमल वैजनाथ, वय सव्वीस, ही बाई नसून बाप्या आहे.

मोहिनीने आकडेमोड पुन्हा चालवली. संगणक हटेना. पुरुषांच्याच पेशींत जागी असतात ती जनुकं या नमुन्यात टक्क जागी होती, आणि बायकांमध्ये जे हमखास चालू असतं ते चिडीचूप. वरून त्याने आणखी एक चुगली केली. हा नमुना आणि कोमलच्या नवऱ्याचा नमुना, दोन्ही एकाच माणसाचे आहेत. नवरा-बायकोने एकजीव व्हावं असा आशीर्वाद लग्नात सगळेच देतात. पण तो इतका मनावर घेतलेलं जोडपं मोहिनीच्या पाहण्यात नव्हतं.

"वगळून टाक," रामप्रसाद सर म्हणाले. सर तिचे मार्गदर्शक. माणूस भला, पण गाठ सोडवत बसण्यापेक्षा दोरी कापणारा. "एका नमुन्याने काही बिघडत नाही. पुढच्या महिन्यात लेख द्यायचाय."

"नमुना वगळता येईल, सर. पण त्याच रक्तातून तिची थायरॉईडची तपासणी झालीय. आपणच तिला नॉर्मल म्हणून कागद दिलाय."

सरांचा कप ओठापाशी थांबला. "मग?"

"मग तिची तपासणी झालेलीच नाही. आणि सासरचे लोक तो कागद तिच्याच डोक्यावर हाणतायत."

सरांनी कप खाली ठेवला. चहा राहिलाच. "जाऊन ये," म्हणाले. परवानगी देताना सर नेहमी असा चेहरा करत, की जणू ती त्यांनी मागे घेतलीच आहे. मोहिनीने चेहऱ्याकडे न बघता फक्त शब्द उचलले आणि निघाली.

ती पुसेगावची. बाप नामाजी मेंढरं राखणारा. कळपातली कोणती मेंढी कोणाची नात हे तो चालता चालता सांगायचा. लेकीने तोच धंदा संगणकावर नेला, असं पुसेगावकर म्हणत. अंगावर कोड असलेल्यांना थायरॉईडचा आजार इतरांपेक्षा जास्त जडतो, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक. का जडतो, ते हिला शोधायचं होतं. कोडाशी जोडलेली जनुकं एकीकडे, थायरॉईडशी जोडलेली दुसरीकडे, आणि कोणाचं कोणाशी चालतं हे दाखवणाऱ्या रेघा मधे. त्या रेघांच्या जाळ्यात दोन्हीकडे उठबस असलेली जनुकं ती हुडकत होती. त्यासाठी तिने कुरुंद्याच्या शाळेत शिबिर भरवून रक्त घेतलं होतं, आजारी आणि धडधाकट दोघांचंही.

कोमल आजाऱ्यांत होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिच्या हातांवर आणि ओठाच्या कडेला पांढरे डाग उठले. सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, ते कसंबसं पचवलं. पण गेल्या वर्षभरात पोरीच्या अंगातली उमेदच गेली. सकाळी उठवेना, थंडी सोसवेना, केस गळायला लागले, चार पावलांत दम. भरल्या घरात एक माणूस बसून राहिलं की बाकीचे तोंडाने काही म्हणत नाहीत, पण हिशोब प्रत्येकाचा चालू असतो. त्यात शिबिराचा कागद आला. सगळं नॉर्मल. द्वारकाबाईंनी निकाल देऊन टाकला: रोग न्हाई, म्हंजी नाटक हाय. हळद शिजवून झाली की हिला गोरेगावला माहेरी पोचवायची, कामाची इच्छा झाली की या म्हणायचं. असं पोचवलेल्या सुना परत आल्याचं कुरुंद्यात फारसं कोणाच्या पाहण्यात नव्हतं.

मोहिनी पोचली तेव्हा शेतात हळद शिजवणं जोरात होतं. कुकरच्या पिंपांतून वाफ उसळत होती, पिवळा वास नाकात बसत होता, आणि कुकरवाला हरिचंद सगळ्यांना हुकूम सोडत होता. कुकर भाड्याचा, पण रुबाब मालकीचा. वैजनाथ जाळाशी होता. मोहिनीला पाहून त्याने हातातलं लाकूड चुलीऐवजी स्वतःच्या पायावर टाकलं. मोहिनीला तेवढी कबुली पुरे होती.

ती त्याला बाजूला बाभळीखाली घेऊन गेली.

"वैजनाथभाऊ, शिबिरात तुम्ही किती वेळा रक्त दिलं?"

"एकडाव."

"संगणक दोनदा म्हणतो."

वैजनाथने संगणकाला मनातल्या मनात एक शिवी दिली असावी. ओठ तरी तसे हलले. मग म्हणाला, "मॅडम, आईला सांगू नका."

प्रकार साधा होता. शाळेत दोन टेबलं होती, एक आजाऱ्यांचं, एक धडधाकटांचं. हातात नंबराची चिठ्ठी. कोमलला त्या दिवशी रांगेतच भोवळ आली. वैजनाथने तिला शाळेच्या ओट्यावर बसवलं, स्वतःच्या नंबरावर डाव्या हाताचं रक्त दिलं, आणि तिची चिठ्ठी घेऊन पलीकडच्या टेबलावर उजवा हात पुढे केला. तिथे रक्त काढणाऱ्या शिवहारने सकाळपासून इतके हात पाहिले होते, की त्याने नंबर वाचला, वर तोंड केलंच नाही.

"पण काहून?" मोहिनीच्या तोंडून नांदेडची शहरी भाषा गळून पडली.

"तिच्या अंगात रगत हाय का काढायला? उभं राहवंना तिला. आन मी बघा, एका हातानं पोतं उचलतो. म्या म्हणलं, तपासायलाच पायजे ना, मंग मपलं घ्या. एका घरातलं खाणं, एका घागरीतलं पाणी, फरक कितीक पडणार?"

"आणि रिपोर्ट आल्यावर?"

तो पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत म्हणाला, "तवा कळलं, काय करून बसलो ते."

वैजनाथची अशी गत होती. प्रेमाच्या बाजूला रक्कम मोठी, धाडसाच्या बाजूला शून्य. बायकोसाठी दोन्ही हातांत सुई घेतली, पण आईपुढे एक वाक्य काढायचं म्हटलं की जीभ उचलत नव्हती.

"तुम्ही सांगा. मला बोलता येत नाही," मोहिनी म्हणाली. "एकाच्या तपासणीची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, असा आमचा नियम आहे."

"लय चांगला नियम हाय," वैजनाथ मनापासून म्हणाला.

त्याच्याकडून काही निघायचं नाही हे कळल्यावर मोहिनी द्वारकाबाईंकडे वळली. बाई वाळवणाच्या कडेला बसून हळकुंडं निवडत होत्या. डोळे हळकुंडांवर, कान गावभर.

"काकू, कोमलताईंचं रक्त परत एकदा घ्यावं लागेल."

"काहून? मागलं सांडलं का?"

"तपासणीत शंका आहे."

"शंका तुमाला हाय, आमाला न्हाई. तुमीच लिवून दिलं ना सगळं बराबर हाय म्हून? कागद ठिवलाय म्या जपून. आता हळदीच्या दिसात पुन्ना तेच काढता. परवा ती चालली गोरेगावला. तिथं जा आन घ्या बाटलीभर."

"काकू, तिला खरंच आजार असेल तर?"

"आदी कोड निघालं. आता आणखी काय काढता तिच्यातून? एका पोरीला दोन दोन रोग कुठून येतेत? देव काय वाटप करून राहिला का?"

हा प्रश्न मात्र मोहिनीच्या हक्काचा होता. गेली तीन वर्षं ती दुसरं काही करतच नव्हती. ती सरळ मातीत बसली.

"काकू, तुमच्याकडच्या सोयरिकी कोण जमवतं?"

"रुख्मिणीबाई."

"आणि तिकडं औंढ्याच्या बाजूला?"

"तिकडंबी तीच. तिला लय ठिकाणी वळख."

"म्हणजे वसमतच्या अंगाला एक लग्न, औंढ्याच्या अंगाला एक लग्न. पाहणाऱ्याला वाटतं, यांचा त्यांचा काय संबंध? पण दोन्हींत बाई एकच. तसं हे. डाग कातडीवर, थायरॉईडची गाठ गळ्यात. पण आपल्याच अंगातले राखणदार चुकून आपल्याच माणसांवर धावतात, तेव्हा दोन्ही होतात. त्या राखणदारांना चिथवणारे काही सारखेच दिसतात. कोण कोण, ते मी धुंडाळतेय. सगळे अजून सापडले नाहीत. पण एक रोग आहे म्हणून दुसरा नसेल, हे उलटं आहे. एक आहे म्हणून दुसरा आधी बघायचा."

द्वारकाबाईंचा हात हळकुंडावर थांबला. रुख्मिणीबाईच्या नावाने त्यांना गोष्ट कळली होती; मानायची की नाही हे ठरायचं होतं.

"पटतंय तुमचं," त्या म्हणाल्या. "पण कागदात न्हाई निघालं. कागद खोटा का?"

उत्तर मोहिनीच्या ओठांवर होतं, पण नियमामुळे देता येत नव्हतं. "कागद खोटा नाही," एवढंच ती म्हणाली.

"मंग झालं तर. उठा, च्या घ्या."

तेवढ्यात वाळवणापलीकडून कोमल आली. फेब्रुवारीच्या उन्हात अंगावर स्वेटर, चेहरा सुजवट, चाल अशी की प्रत्येक पाऊल मागून उसनं घेतलंय. ती मोहिनीसमोर बसली आणि तिने स्वेटरची बाही कोपराच्या वर सरकवली. पांढऱ्या डागांचा हात तिने एरवी पदराखालून काढला नसता. इथे हळद पसरणाऱ्या सगळ्या बाया बघत होत्या.

"घ्या," ती म्हणाली. "मागल्या बारीला म्या दिलंच न्हाई."

"दिलं न्हाई?" द्वारकाबाई उभ्या राहिल्या. "मंग कागद कोणाचा?"

कोमलने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. तिचं स्वतःचं वाक्य तिने सांगून टाकलं होतं. उरलेलं ज्याचं होतं त्याच्यासाठी ठेवलं. कुकरची वाफ फुसफुसत राहिली. पाच-सहा बाया, हरिचंद आणि वाफ, एवढ्यांच्या मधे वैजनाथ उभा.

"मपला," तो अखेर म्हणाला.

"काय तुपला?"

"रगत. तिच्या नावचं म्याच दिलं."

हरिचंदने कुकरची तोटी बंद केली. असं ऐकताना आवाज नको. मग तो म्हणाला, "वैजू, लेका, मंग नाटक तूच करून राहिला! माहेरी तुलाच धाडावं लागंल."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "तरी म्हणलं, कोमल येवढी ठणठणीत कशी निघाली!" कोमलही हसली, आणि हसताना तिला धाप लागली. ती धाप द्वारकाबाईंनी पाहिली. आजवर त्यांनी ती ऐकली होती, पण पाहिली नव्हती. कागद मधे होता.

"आत्याबाई," कोमल श्वास सावरत म्हणाली, "म्या तवाच बोलायला पायजे होतं. भ्यायले. डाग हायतंच, आन आणखी एक काही निघालं तर तुमी ठिवणारच न्हाई, असं वाटलं. आता तसंबी पोचवूनच राहिले. तर जाईन ते मपला रोग म्हाईत करून जाईन. दुसऱ्याच्या रगतावर न्हाई जायची."

द्वारकाबाईंना राग आला होता, यात शंका नाही. सुनेवर किती, लेकावर किती आणि चार गावांना दाखवलेल्या त्या कागदावर किती, याची वाटणी त्यांना उभ्या उभ्या करता येईना. शेवटी त्या मोहिनीवर खेकसल्या, "बघता काय? सुई काढा! आन नाव नीट लिवा यंदा!"

मोहिनीने तिथेच, धुतलेल्या हातांनी, स्वच्छ चादरीवर कोमलचा हात ठेवून रक्त घेतलं. वैजनाथने मान फिरवली. स्वतःचं निघताना तो बघत राहिला होता म्हणे.

बुधवारी निकाल आला. थायरॉईड जवळजवळ झोपलेलं होतं. वसमतच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, इतके दिवस ही कामं कशी करत होती? द्वारकाबाई सोबत होत्या. त्यांनी कधी नव्हे ते खाली पाहिलं. गोळी रोज, उपाशीपोटी. फरक पडायला महिना-दीड महिना लागेल. डाग याने जाणार नाहीत, त्याचं औषध वेगळं, आणि ते कोणाला लागण होऊन होत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. शेवटचं वाक्य द्वारकाबाईंनी दोनदा म्हणवून घेतलं. गावात कोणाकोणाला ऐकवायचं, ते त्यांचं आधीच ठरलं होतं.

इकडे मोहिनीने कुरुंद्याचे सगळे नमुने नव्याने घ्यायचं ठरवलं. बाईच्या नावावर बाप्या असला तर संगणक ओरडतो. पण जावेच्या नावावर जाऊ असली तर? सरांनी विचारलं, लेखाचं काय? "उशिरा देऊ, पण ज्याचं त्याचं देऊ," ती म्हणाली आणि शिवहारला वर बघून काम करायची सक्त ताकीद देऊन आली. पुढच्या शिबिरात तीन बायांनी आपण दुसरीसाठी हात दिल्याचं हसत कबूल केलं. दुबळ्याचं काढू नये, धडधाकटाने द्यावं, एवढाच त्यांचा विचार. त्यात काही चुकलं हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं. कोमलच्या खऱ्या रक्ताने मोहिनीच्या जाळ्यातली एक गोंधळलेली रेघ मात्र सरळ झाली. एकच. बाकीची पुष्कळ राहिली होती, आणि मोहिनी पुष्कळला घाबरणाऱ्यांतली नव्हती.

एप्रिलमध्ये हळद बाजारात गेली. कोमल आता सकाळी स्वतःहून उठत होती. पळत नव्हती, पण चालत होती, आणि स्वेटर पेटीत गेला होता. एका सकाळी तिने पिशवी भरली, गोळ्या वरच ठेवल्या, आणि ओट्यावर येऊन म्हणाली, "आत्याबाई, गोरेगावला जाऊन येते."

द्वारकाबाई दचकल्या. "कोणी म्हणलं का काही? वैजू बोलला?"

"कोणी न्हाई बोललं. मपल्या लहान बहिणीच्या मानंवर डाग उठून राहिलाय, आन ती दिसभर झोपते म्हणं. आई म्हणती, आळशी हाय. तिला मोहिनीताईकडं घेऊन जाते."

"वैजूला धाडू का सोबत?"

"नको. सुई बघितली की त्याचा हात आपोआप पुढं होतो."

ती फाट्यावर जाऊन जीपमध्ये चढली. गोरेगावला जायचं तर हिंगोलीला उतरून दुसरी जीप. उन्हाचे दिवस, गर्दी फार. कोमलने पिशवी मांडीवर घेतली, खिडकीशी बसली, आणि पुढची जीप कितीला सुटते ते शेजारच्या बाईला विचारलं. बाई तिच्या हातांकडे बघत होती. कोमलने हात झाकले नाहीत.