खिंडीतली दोन नावं

मित्रांनो, तुम्ही ज्याला रस्ता म्हणता तो मी नाही. माझ्यावर खडी नाही, कडेला मैलाचे दगड नाहीत आणि कुठल्या नकाशात माझी रेघ असल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मी चिंचखोरीची जुनी पायवाट आहे. तुळजापूरच्या डोंगराच्या कडेला चिंचखोरी नावाचे गाव आहे. तिथल्या आडापासून मी निघते, सीताफळीच्या आणि धावड्याच्या रानातून उतरते, एक अरुंद खिंड ओलांडते आणि खाली तामलवाडीच्या शिवारात संपते. त्यापुढे सोलापूरचा मुलूख.

मला कुणी बांधले नाही. आधी शेळ्या गेल्या, त्यांच्यामागे गुराखी गेले, मग सरपणाच्या मोळ्या घेऊन बायका गेल्या. रोज पाऊल त्याच जागी पडत राहिले की गवत नाद सोडते आणि वाट होते. माझा स्वभाव थोडा कोरडा आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्यावरून वरात गेली तशी मयतही गेली. प्रत्येकासाठी हळहळत बसले असते तर माझे दुसरे काही झालेच नसते. तरी एका नावाची गोष्ट मला सांगायची आहे, कारण ते नाव दगडावर येणार की नाही हे माझ्यासमोर ठरले.

बाबामियाँ काकणं विकायचे. डोक्यावर हारा, म्हणजे काकणांची मोठी टोपली, घेऊन ते चिंचखोरीतून निघत आणि खालच्या चार गावांत फिरून परत येत. जाड मनगटावरून काकण न फुटता चढवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. घरातल्या पुरुषांसमोर पदर खाली न करणाऱ्या बायका त्यांच्यापुढे बिनघोर हात करीत आणि त्यांना बाबामियाँदादा म्हणत. माझा एकूण एक दगड त्यांना पाठ होता. कुठला डगमगतो, कुठे पावसात पाय घसरतो, ते मला माहीत होते आणि त्यांना.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे वर्ष होते. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या आणि लोक सरहद्द ओलांडून सोलापूरकडे पळत होते. मोठ्या रस्त्याने जाणे शक्य नव्हते, म्हणून ते माझ्यावरून जात. त्यांना पुढे होऊन नेणारा माणूस होता बाबामियाँ. बायकांचा ज्याच्यावर भरवसा, त्याच्यामागे घरे निघाली. सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीतून चिंचखोरीचाच सोमलिंग नावाचा तरणा पोरगा त्यांना घ्यायला खिंडीपर्यंत येई.

एका सकाळी अशीच तीन घरे निघाली होती. त्यांत सोमलिंगची आई शरणम्मा होत्या. खिंडीच्या तोंडाशी गोळ्या सुटल्या. झाडणारे कोण होते ते मला दिसले नाही, गोळी वरून आली एवढेच कळले. लोक खाली धावले. त्या दिवशी शरणम्मांचा पाय मुरगळला आणि त्या मागे राहिल्या. पुढचे कसे घडले ते मी पाहिले, पण ते त्यांच्याच तोंडून ऐकाल तर बरे. दुपारी खिंडीत दोन माणसे पडलेली होती, बाबामियाँ आणि सोमलिंग.

दुसऱ्या दिवशी गावातले चौघे भीत भीत आले. दोघांना उचलून गावात नेण्याची सोय नव्हती. सोमलिंगचे घर लिंगायत, त्यांच्यात पुरतात. बाबामियाँच्या लोकांत दफन करतात. त्यामुळे त्या घाईत कुणाला काही ठरवावे लागले नाही. शेजारी शेजारी दोन खड्डे झाले आणि तरसांनी उकरू नये म्हणून दोन्हींवर मिळून दगडांचा एकच ढीग रचला गेला. वाटेत कुणी असे गेले असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे एक दगड ठेवायचा, ही आमच्याकडची चाल आहे. त्यामुळे ढीग वाढत गेला.

मग विलीनीकरण झाले. आधी पळालेली माणसे माझ्यावरून परतू लागली आणि त्याच आठवड्यात सूडाच्या भीतीने मुसलमानांची घरे निघाली. त्यांत बाबामियाँची बायको हुसेनबी होत्या, बरोबर दोन मुली. लोक बदलले होते, पावले तशीच घाबरलेली होती. दोन महिन्यांनी त्या परत आल्या आणि नवऱ्याचा हारा डोक्यावर घेऊन काकणं विकू लागल्या. जाताना एक दगड, येताना एक दगड. थांबून दोन ओळी फातिहा पढत आणि चालू लागत. असे तेरा वर्षे चालले.

महाराष्ट्र होऊन वर्ष झाले तेव्हा गावाने खिंडीत स्मारक करायचे ठरवले. शाळेचे नारायणराव गुरुजी त्यात पुढे होते. गावकारभारी तात्या समितीचे अध्यक्ष झाले. अर्ज वर गेला आणि उत्तर आले ते एकाच नावाचे, सोमलिंगचे. त्याचे छावणीतले कागद होते. बाबामियाँचा कुठे दाखला नव्हता. वाट दाखवल्याचा दाखला कोण देतो? समितीत बायका नव्हत्या, त्यामुळे शरणम्मांना विचारायचे कुणाला सुचले नाही. हुसेनबींच्या कानावर गोष्ट गेली. सरपणाला निघालेल्या तारामतीला त्या माझ्यावरून चालताना म्हणाल्या, "त्यांचं त्यांनी करू दे. ढीग हाय तवर मला काय कमी हाय?"

कट्टा आणि पाटी करायला सोलापूरकडचा मुनवर गवंडी आणला. त्याने तात्यांना विचारले, दगड कुठले आणू? तात्या म्हणाले, "दगड खिंडीतच हायत की." त्यांच्या मनात खालचा ओढा होता. मुनवर परगावचा माणूस. त्याला खिंडीत आयता ढीग दिसला, चांगले हाताळलेले, बसके दगड. चार दिवसांत त्याने ढीग उतरवला, त्याच मोकळ्या जागेवर त्याच दगडांचा कट्टा बांधला, चुन्याने सांधला आणि कट्ट्यावर शहाबादी फरशीची पाटी उभी केली. काम नीटस होते. मला मात्र त्या जागी काहीतरी ओळखू येईनासे झाले.

पाचव्या दिवशी हुसेनबी आल्या. हातात दगड तसाच राहिला. त्यांनी हारा उतरवून खाली ठेवला आणि विचारले, "भाई, इथला ढीग कुठं गेला?"

मुनवरने कट्ट्याकडे हात केला. मग त्यांच्या तोंडाकडे पाहून त्याने थापी खाली ठेवली. "खाला, मला कुणी सांगितलं न्हाय. काय होतं इथं?"

त्या म्हणाल्या, "माझा माणूस."

मुनवर तसाच चढ चढून गावात गेला. तासाभराने नारायणराव आणि तात्या धापा टाकीत खिंडीत आले. काय झाले ते दोघांना पाहताच कळले. दोघेही वाईट नव्हते. त्यांना त्या दगडांचा विसर पडला होता, एवढेच.

"मास्तरसाब, मी काय मागाया आले न्हाय," हुसेनबी म्हणाल्या. "पाटीवर एकाचं नाव हाय. आता मी कुठं उभी ऱ्हाऊन फातिहा पढू, तेवढं सांगा."

नारायणरावांनी टोपी काढून हातात घेतली. "हुसेनबी, चूक झाली. पण नावाचं माझ्या हातात नाही. वरून मंजुरी एकाच नावाची आहे. दाखला असता तर..."

तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला. शरणम्मा येत होत्या, सुनेचा हात धरून. मुनवर गावात बोलला ते त्यांनी ओट्यावरून ऐकले होते. तेरा वर्षांत त्यांनी माझ्यावर पाऊल टाकले नव्हते. डावा पाय अजून ओढत होता.

त्या कट्ट्याला टेकून बसल्या. "दाखला पायजे न्हवं मास्तर? म्या हाय की. त्या दिशी माझा पाय मुरगळला. समदी म्होरं पळाली. माघारी आला त्यो ह्यो काकणवाला. मला उचलून त्या खडकाआड टाकलं आन वळला तशी त्याला लागली. मग सोमलिंग आला, त्याला वडून आनाया. त्यालाबी लागली. माझा लेक ह्याच्यासाठी गेला, ह्यो माझ्यासाठी गेला. आता एकाचंच नाव लिव्हायचं असंल तर माझ्या लेकाचं पुसा."

 हुसेनबींना नवऱ्याच्या जाण्याचा एवढा तपशील पहिल्यांदाच कळत होता. तेरा वर्षे दोघी एकाच गावात राहत होत्या आणि दोघींनी एकमेकींपुढे हा विषय काढला नव्हता. हुसेनबी शरणम्मांजवळ जाऊन बसल्या.

नारायणराव मुनवरला म्हणाले, "मंजुरीचं मी निस्तरतो. पाटीवर आणखी एक नाव बसेल का?"

"जागा न्हाय गुर्जी. वरती नाव, मधी तारीख, खाली समितीची पाच नावं. ती घासून काढली तर बसंल."

समितीच्या नावांत पहिले नाव तात्यांचे होते, तेही सोमलिंगच्या नावाहून थोड्या मोठ्या अक्षरांत. तात्या पाटीकडे बघत राहिले. गेला महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी पाटीच्या मसुद्यावर ते नाव बोट लावून दाखवले होते. मी पुष्कळ माणसे चढ चढताना पाहिली आहेत, पण एका जागी उभे राहून इतका घाम आलेला माणूस तेव्हाच पाहिला.

"घास," तात्या म्हणाले. "म्या जित्ता हाय. मला लोक वळखत्यात."

मुनवरला घासायला दीड दिवस लागला. त्याचा पाहुणचार तात्यांच्याच घरी झाला. फरशी तेवढ्या भागात थोडी खोल गेली आणि त्या खोलगट जागेत त्याने बाबामियाँचे नाव कोरले. नंतर समारंभ झाला, पाहुणे आले, भाषणे झाली. माझ्या लक्षात राहिले ते पाहुणे गेल्यानंतरचे. हुसेनबींनी नारायणरावांना विचारले, यात माझ्या माणसाचे नाव कुठले? त्यांनी दाखवले. बाईंनी कळशीतले पाणी घेऊन पदराने ते नाव धुतले, अक्षरांत अडकलेला भुगा नखाने काढला आणि मग वरचे सोमलिंगचेही धुतले. त्या दिवशी मला बरे वाटले. आम्ही वाटा असे सहसा म्हणत नाही.

पुढे डोंगराला वळसा घालून मोटाररस्ता झाला. यात्रेकरू आता सोलापूरहून बसमध्ये बसतात आणि थेट तुळजापुरात उतरतात. माझ्यावर शेळ्या येतात, सीताफळाच्या दिवसांत बायका येतात, बाकी गवत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, गवताचाही माझ्यावर हक्क आहे. पण शरणम्मा आता नाहीत, नारायणरावांची बदली झाली आणि हुसेनबींना चढ-उतार झेपत नाही. खिंडीत नाव धुणारे कुणी उरले नाही. बाबामियाँचे नाव खोलगट जागी असल्यामुळे पावसाची माती तिथे आधी साठते. सोमलिंगचे नाव अजून स्वच्छ दिसते. बाबामियाँच्या नावाची पहिली तीन अक्षरे बुजली आहेत.

मित्रांनो, तुमच्या शाळेची सहल कधी डोंगराकडे निघाली तर चिंचखोरीच्या आडापासून खाली उतरा. आडावरच एक कळशी भरून घ्या, खिंडीत पाणी नाही. माती काडीने काढा, खिळ्याने नको, फरशी मऊ आहे. आणि परतताना मशिदीमागच्या गल्लीत हुसेनबींच्या दारात थांबा. त्यांना वाचता येत नाही. आम्ही नाव वाचून आलो, एवढे त्यांना सांगा.