वसुंधराबाईंचा पासवर्ड

त्या गुरुवारी इंदूरच्या बडा गणपतीमागच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. वसुंधराबाईंच्या ओट्यावर कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार, आणि समोर डोळे मिटून बसलेले नादानंद महाराज. मिल बंद पडल्यापासून अर्धी गल्ली रिकामीच बसलेली. चमत्काराला गर्दी कमी कशाला पडेल?

वसुंधराबाईंचे यजमान दिवाकर मिल सुटल्यावर या जुन्या मशीनवर हिशेबाची कामं करत. मशीनला पासवर्ड लावलेला असतानाच ते अचानक वारले आणि मशीन कुणाला उघडेना. महाराजांनी ती उघडली. भक्तांनी एका ठेक्यात रामनाम घ्यायचं, चेल्याने अक्षरं दाबून पाहायची. दुपारपर्यंत महाराजांच्या तोंडून नाव आलं, सुलोचना. वसुंधराबाईंनी महाराजांचे पाय धरले. ते बाईंचं माहेरचं नाव, लग्नात बदललेलं. गल्लीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आत्मा बोल रही है, माई," महाराज म्हणाले. मग तो आत्मा भलताच बोलका झाला. पूर्वाच्या, म्हणजे वसुंधराबाईंच्या मुलीच्या, फिटच्या गोळ्या बंद करून ताईत बांधायलाही त्याने सांगितलं.

गोळ्या माझ्या होत्या. मी तिचा डॉक्टर. आठवड्याच्या आत पोरगी पेटत्या स्टोव्हशेजारी फिट येऊन पडली, थोडक्यात वाचली, तरी आई गोळी देईना. माझं डोकंच फिरलं. मी कॉम्प्युटर क्लासच्या संबोधीमॅडमना गाठलं. त्यांनी पासवर्ड तपासायला दिवाकरांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम वाचला आणि कपाळावर हात मारला.

पुढच्या गुरुवारी त्याच ओट्यावर, महाराजांच्या देखत, त्यांनी गल्लीतल्या म्हाताऱ्या जयसिंगरावांना गुपचूप नवा पासवर्ड टाकायला लावला, भक्तांना जप करायला सांगितलं, आणि महाराजांसारखंच मशीन उघडून दाखवलं.

"भिया, यात आत्मा-बित्मा काही नाही," त्या इंदुरी थाटात भक्तांना म्हणाल्या. "मशीन एकेक अक्षर चेक करते. गलत निघालं की तिथेच थांबून नाही म्हणते. सही असेल तर पुढचं बघते, म्हणून 'नाही' यायला जरा देर लागते. मशीन इतकी स्लो, की ती देर मोजता येते. तेवढ्यात किती राम झाले, ते महाराज मोजत होते. घड्याळ तुम्हीच होतात."

मग त्यांनी प्रोग्राम बदलला. अक्षर चुकलं तरी सगळी तपासायची, उत्तर शेवटीच द्यायचं. जयसिंगरावांनी पुन्हा नवा पासवर्ड टाकला आणि महाराजांना बसवलं. कुठलंही अक्षर दाबा, राम तेवढेच. दिवस कलला तरी एक अक्षर सापडेना.

"आत्मा रूठ गई," महाराज घाम पुसत म्हणाले आणि चपला शोधू लागले. त्यांना कुणी थांबवलं नाही. मला मात्र त्यांना ठाण्यापर्यंत ओढत न्यावंसं वाटत होतं.

वसुंधराबाईंनी मला हळूच विचारलं, "म्हणजे डॉक्टरजी, पूर्वाचे बाबा माझ्याशी बोललेच नाहीत?"

"नाही," मी म्हणालो. "पण तुमचं नाव मशीनमध्ये त्यांनीच ठेवलं होतं. जिवंत असताना."

त्या बराच वेळ रडल्या. मग उठून त्यांनी पाण्याचा पेला भरला आणि पूर्वाच्या हातावर गोळी ठेवली.

वाचकहो, माझी एकच विनंती आहे. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे केलं कसं? उत्तर मिळेपर्यंत लेकराचं औषध बंद करू नका.